ताटातली कुर्ली कागदावर : मुलांना खेकडा काढायला कसं शिकवायचं

समुद्रातला एखादा प्राणी काढ म्हटलं की दहातली नऊ मुलं मासा काढतात. एक लांबट गोल, मागे त्रिकोणी शेपटी, एक डोळा आणि तोंडातून वर जाणारे तीन बुडबुडे. दोन मिनिटांत "झालं!" म्हणून कागद पुढे येतो. हा मासा मुलाने कुठे पाहिलेला नसतो, तो त्याच्या हाताला पाठ झालेला असतो. म्हणून माशाने सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. कासव, तारामासा, ऑक्टोपस यातलं काहीही चालेल, पण पहिला मान मी खेकड्याला, म्हणजे आपल्या कुर्लीला देते. तो बाजारात मिळतो, समोर ठेवता येतो आणि मुळात चपटा असतो. वरून पाहिला की जवळजवळ सगळाच्या सगळा दिसतो, त्यामुळे जाडी आणि खोली दाखवायची भानगड नवख्या मुलामागे लागत नाही. शिवाय त्याच्या अंगावर मोजायला आणि शोधायला इतकं काही असतं की बघायला सांगावंच लागत नाही.

पुढचं सगळं अशा आईबाबांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे, ज्यांना स्वतःला चित्र काढता येत नाही. येत नसेल तर एका अर्थी बरंच. ज्यांना येतं त्यांचा हात शिवशिवतो आणि तो मुलाच्या कागदावर जातो.

कुर्ली निवडताना

खायची कुर्ली भरलेली बघून घेतात, चित्राची कुर्ली पाय बघून घ्यायची. दोन्ही नांग्या आणि आठही पाय शाबूत हवेत. बाजारात साधारण दोन प्रकार सहज मिळतात. एक खाडीतली, काळपट-हिरवी, जाड कवचाची चिंबोरी. दुसरी समुद्रातली, करड्या-हिरव्या पाठीची, जिच्या पाठीवर मागच्या बाजूला तीन लालसर ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरी कड. ठिपक्यांची कुर्ली मुलांना फार आवडते, पण नवख्यांसाठी चिंबोरी सोपी, कारण तिचा आकार ठसठशीत असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असल्यामुळे समुद्रातली कुर्ली कमी दिसते, तेव्हा खाडीवर भागवायचं. देशावर राहणाऱ्यांनी ओढ्यातला खेकडा घेतला तरी बिघडत नाही. फरक एवढाच की त्याच्या शेवटच्या पायाला वल्हं नसतं. ते काय ते पुढे येईलच.

जिवंत चिंबोरी आणायची असेल तर नांग्या सुतळीने बांधलेल्याच राहू द्या. मुलांनी कितीही गळ घातली तरी सोडू नका, मोठ्या चिंबोरीच्या नांगीत बोट सापडलं तर चांगलीच जखम होते. माझा सल्ला सरळ मेलेली कुर्ली मागायचा. मेलेली कुर्ली खायला कोणी घेत नाही, त्यामुळे मासळी विकणाऱ्या मावशी ती स्वस्तात देऊन टाकतात. कशाला हवी ते मात्र सांगा, नाहीतर "अगो, ही खाऊ नको!" म्हणून परत ठेवून घेतील. घरी आणून धुवा, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि चित्राला बसायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. तासाभरानंतर वास सुटतो, तेव्हा बैठक तासाभराचीच ठेवायची. काम झालं की कुर्ली कचऱ्यात जाते, पातेल्यात नाही. एखाद्या मुलाला खेकडा-कोळंबीची ॲलर्जी असेल तर त्याला हात लावू देऊ नका. बाकीच्यांनी नंतर साबणाने हात धुवायचे.

घरात हे चालत नसेल तर किनाऱ्यावर सापडणारी खेकड्याची कात शोधा. खेकडा वाढताना जुनं कवच टाकून देतो. ते अख्खं, पायांसकट, हातात घेतलं तर कागदाइतकं हलकं लागतं आणि मागच्या बाजूला उघडलेलं असतं, कारण खेकडा तिथूनच बाहेर पडतो. उन्हात वाळवली की ही कात खोक्यात घालून ठेवता येते, वास येत नाही. तेही नसेल तर फोटो. पण फोटो नेमका वरून काढलेला हवा आणि त्यात सगळे पाय दिसायला हवेत. कार्टूनमधला खेकडा समोर ठेवायचा नाही. तो कोणीतरी आधीच सोपा करून ठेवलेला असतो, मुलाला शोधायला काहीच उरत नाही.

सामान फारसं लागत नाही. टूबी पेन्सिल, कारण एचबी पेन्सिलने मुलं दाबून रेघ ओढतात आणि ती पुसली तरी कागदावर खाच राहते. कच्च्या कामाला पाठकोरे कागद भरपूर, पक्क्या चित्रासाठी जरा जाड कागद, ऑइल पेस्टल किंवा मेणखडू आणि जलरंग. खोडरबर द्या, पण तो तुमच्याजवळ ठेवा आणि मागितला की द्या. हाताशी असला की मूल चित्र काढण्यापेक्षा पुसण्यातच जास्त वेळ घालवतं.

कोणत्या वयाला किती

तीन-चार वर्षांच्या मुलाकडून सांधे आणि काटे काढून घ्यायचा हट्ट करू नका. त्याला दोन्ही तळव्यांना रंग लावून, तळवे एकमेकांवर अर्धे येतील आणि बोटं दोन बाजूंना जातील असे ठसे उमटवायला सांगा. आठ बोटांचे आठ पाय, दोन अंगठ्यांच्या दोन नांग्या, हिशोब बरोबर दहाचा. याला मी चित्रकला म्हणणार नाही, पण खेकड्याला दहा अवयव असतात हे त्या मुलाच्या हाताला कळतं आणि तेवढं पुरे.

पाच ते सात वर्षांची मुलं गोल काढून त्याला रेघांचे पाय लावतात. त्यांना पाय मोजायला शिकवा, दोन्ही बाजूंना सारखे लावायला शिकवा, आणि थांबा. पाय कोपरात वाकवायला मूल आपणहून लागतं, साधारण आठव्या वर्षाच्या आसपास, आणि खालच्या पायऱ्या मुख्यतः त्या वयापासूनच्या मुलांसाठी आहेत. अकरा-बारा वर्षांच्यांना याहून जास्त काम देता येतं, ते शेवटी सांगते.

आधी दहा मिनिटं पेन्सिल बंद

ताटात ओला वर्तमानपत्राचा कागद पसरा, त्यावर कुर्ली ठेवा, पाय हळूच बाहेर ओढून मोकळे करा. ताट टेबलावर नको, जमिनीवर. मुलं भोवती बसली की त्यांना ती वरून दिसते. टेबलावर ठेवली तर समोरून दिसते, मग पाय एकामागे एक लपतात आणि नवखं मूल गोंधळतं. वर्गात मुलं जास्त असतील तर पाच-सहा जणांत एक कुर्ली असू द्या.

आता फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची नाहीत.

पाय किती? बहुतेक जण आठ म्हणतात, एखादा दहा म्हणतो, आणि भांडण लागतं. लागू द्या. नांग्या हेही पायच आहेत, पहिली जोडी. म्हणजे चार जोड्या चालायच्या आणि एक जोडी पकडायची.

पाय कुठून निघतात? मुलं म्हणतील, पाठीतून. मग कुर्ली उलटी करा. पाय पोटाच्या बाजूने, कवचाच्या खालून निघतात, हे पाहिल्यावर पुढचं अर्धं काम झालं. उलटी केलीच आहे तर पोटावरची घडी दाखवा. ती चिंचोळी आणि टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. बाजारातल्या मावशी हे एका नजरेत सांगतात. मुलांना हे कळलं की पुढच्या वेळी मच्छीबाजारात ती प्रत्येक टोपलीपाशी थांबतील, तेवढी तयारी ठेवा.

सगळे पाय सारखे आहेत का? इथे जरा वेळ द्या. चिंबोरीचा किंवा ठिपक्यांच्या कुर्लीचा शेवटचा पाय हातात धरून बघा. बाकीच्या पायांची टोकं अणकुचीदार, याचं टोक मात्र चपटं, पातळ, लांबटगोल, वल्ह्याच्या पात्यासारखं. या पायाने ती पोहते. आणि हा पाय आपण "खेकडा" म्हणून मनात जो ठरवून ठेवलेला असतो त्यात नसतोच, मोठ्यांच्यासुद्धा.

डोळ्यापासून कडेच्या टोकापर्यंत किती दात आहेत? चिंबोरीला आणि ठिपक्यांच्या कुर्लीला प्रत्येक बाजूला नऊ. ठिपक्यांच्या कुर्लीचा नववा लांब काटाच असतो. चिंबोरीच्या दोन डोळ्यांच्या मधेही चार छोटे दात असतात. मुलांना बोटाने चाचपत मोजू द्या, काटा टोचला की आकडा विसरत नाही.

दोन्ही नांग्या सारख्या आहेत का? नीट बघितलं तर चिंबोरीची एक नांगी जाडजूड असते, कवच फोडायला, आणि दुसरी जरा सडपातळ. कधी एखादा पाय किंवा नांगी फारच लहान दिसते. पाय तुटला तर पुढच्या काती टाकताना तो पुन्हा उगवतो, आणि सुरुवातीला तो लहानच असतो. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण पुढे चित्रात एक नांगी लहान झाली म्हणून कोणीतरी रडणार आहे.

शेवटी मुलांना उठवा आणि खेकडा व्हायला सांगा. पाठीवर रेलून, हातापायांवर अंग उचलून, बाजूला चालायचं. खेकड्याच्या पायाचे सांधे मुख्यतः बाजूच्या दिशेने वाकतात, म्हणून त्याला तसं चालणं सोपं. मुलांना तसं चालताना दमायला होतं, हसायला येतं, आणि गुडघा कुठे वाकतो हे चित्र काढण्याआधी अंगाला कळलेलं असतं.

जागा ठरवणं

कागद आडवा. मुलाला त्याची मूठ कागदाच्या मधोमध ठेवायला सांगा. मुठीपेक्षा थोडी मोठी पाठ, असा हिशोब. एफोर कागद आडवा धरला की जवळजवळ तीस सेंटिमीटर रुंद असतो, त्यात आठ-नऊ सेंटिमीटरची पाठ आली की दोन्ही बाजूंना पायांना ऐसपैस जागा राहते. हे सांगितलं नाही तर दोनच गोष्टी होतात. एक तर पाठ एवढी मोठी होते की पाय कागदाच्या कडेला जाऊन आपटतात, नाहीतर खेकडा एका कोपऱ्यात झुरळाएवढा बसतो.

मूठ उचलायच्या आधी तिच्या चारी बाजूंना चार ठिपके द्यायला सांगा. मग मूठ काढा.

पाठ

मधून एक उभी रेघ, अगदी फिकी. ही नंतर पुसायची आहे, म्हणून पेन्सिल मागे धरायची, टोकापासून लांब.

पाठीची रुंदी लांबीपेक्षा जास्त असते. चिंबोरीची साधारण दीडपट, ठिपक्यांच्या कुर्लीची काट्यांसकट दुपटीच्या आसपास. पुढची कड कमानीसारखी बाहेर फुगलेली. कमान दोन्ही बाजूंना जिथे सर्वांत रुंद होते तिथे टोक काढायचं. टोकापासून मागे जाताना दोन तिरक्या रेघा आत येतात, आणि मागे त्यांना जोडणारी एक आखूड, जवळजवळ सरळ रेघ. थोडक्यात, वर कमान आणि खाली तळ कापलेला त्रिकोण. मुलांना असंच सांगा, त्यांना हे भूमितीचे शब्द आवडतात.

दात आत्ता काढू नका. आधी कमान गुळगुळीत काढायची, मग तिच्यावरून करवती रेघ फिरवायची. सुरुवातीपासून दात काढत गेलं की मूल नऊच्या ऐवजी पंचवीस काढतं आणि कमान कुठल्या कुठे जाते.

डोळे

डोळे पाठीवर नाहीत आणि लांब देठावर उभे तर मुळीच नाहीत. चिंबोरीचे डोळे पुढच्या कडेला दोन खोबणींत बसलेले असतात. कडेला दोन छोट्या खाचा काढा, त्यात आखूड देठ, त्यावर गोळा. पांढरं बुबुळ आणि हसरं तोंड काढायची मुलांना सवय असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला काढू द्या. मोठ्याला एकदाच विचारा, "तुला ताटातल्या कुर्लीचं तोंड दिसतंय का?" त्यापुढे त्याची मर्जी.

नांग्या

इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा.

नांगीचे तीन मुख्य तुकडे वरून दिसतात. पहिला लांब, तो कवचाच्या खालून बाहेर येतो. दुसरा छोटा, जवळजवळ चौकोनी, जिथे नांगी वळते. तिसरा जाड, फुगीर, ज्याच्या टोकाला दोन बोटं असतात. मुलाला स्वतःचा हात पुढे करून वाकवायला सांगा, दंड, कोपर, पंजा. हाच क्रम.

आता बारीक बघा. नांगीच्या दोन बोटांपैकी एकच हलतं. एक बोट पंज्याचाच भाग असतं, तिथे सांधाच नसतो. हलतं ते दुसरं, आणि त्याच्या मुळाशी सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. मेलेल्या कुर्लीचं ते बोट धरून उघडझाप करून दाखवा. मग काढताना पंजा आणि पक्कं बोट एका रेघेत, पेन्सिल न उचलता काढायचं, आणि हलतं बोट नंतर वेगळं जोडायचं. एवढ्या एका गोष्टीने नांगी खरी वाटायला लागते. बोटांच्या आतल्या कडेला बोथट दात असतात, ते तीन-चार काढले तरी पुरतात.

दुसरी नांगी हुबेहूब पहिलीसारखी यायला हवी असा आग्रह नको. एक उघडी, एक मिटलेली ठेवली तर चित्राला जीव येतो आणि बरोबरीचा प्रश्नच मिटतो.

चालायचे पाय

पाठीच्या प्रत्येक तिरक्या कडेवर चार ठिपके. आधी ठिपके, मग पाय. ठिपके दिले नाहीत तर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सहा पाय हमखास येतात.

पहिला पाय पुढे झुकलेला, दुसरा जवळजवळ आडवा, तिसरा जरा मागे, चौथा अगदी मागे. प्रत्येक पायात दिसणारे तुकडे असे : लांब मांडी, मग छोटा सांध्याचा तुकडा, मग मध्यम तुकडा, आणि टोकाला निमुळती नखी. शेवटच्या पायाला नखीच्या जागी पातं. पाय ओळीने एकसारखे काढू नयेत, एखादा जास्त वाकवायचा, एखादा ताणायचा. मूल विचारेल, "ताई, पाय पाठीच्या आत जातोय, ती रेघ दाखवायची का?" नाही. पाठ वर, पाय खाली. पाठीची कड आली की पायाची रेघ थांबते. हा एक नियम कळायला काही मुलांना बराच वेळ लागतो. दोन कागदाचे तुकडे घ्या, एकावर दुसरा ठेवा आणि दाखवा. तोंडी सांगून हे होत नाही.

एवढं झालं की मधली रेघ आणि जादा ठिपके पुसायचे. हवं तर काळ्या पेनने रेघ पक्की करायची. लहान मुलांना पेन आवडतं, पण एकाच जाडीच्या काळ्या रेघेने चित्र कोरडं होतं. मला विचाराल तर टूबीनेच, पाठीची कड जरा दाबून आणि पायांची हलकी.

लाल नको

रंगाचा डबा उघडला की पहिला हात लाल खडूवर जातो. त्याला कारण आहे, आपण चित्रात आणि ताटात लाल खेकडाच जास्त पाहिलेला असतो. जिवंत चिंबोरी लाल नसते. तिच्या कवचात ॲस्टाझँथिन नावाचं तांबडं रंगद्रव्य असतं, पण ते प्रथिनाला चिकटून बसलेलं असतं आणि तशा अवस्थेत हिरवट-निळसर दिसतं. शिजवताना उष्णतेने ते प्रथिन बिघडतं, रंगद्रव्य सुटं होतं आणि कुर्ली लाल होते. मुलांना हे सांगून मग विचारा, "तुझा खेकडा समुद्रातला की कालवणातला?" कालवणातला म्हणाला तर लाल द्या, हरकत नाही. पण मग त्याने वाटी आणि रस्साही काढायला हवा.

चिंबोरीसाठी ऑइल पेस्टलमध्ये आधी पिवळा हलका फिरवायचा, त्यावर हिरवा, त्यावर कडेने तपकिरी. फिका रंग आधी, गडद नंतर, उलट केलं की चिखल होतो. बोटाने घासून मिसळायचं. पायांच्या सांध्यांवर जरा नारिंगी, नांगीच्या टोकाला गडद तपकिरी. ठिपक्यांची कुर्ली असेल तर तीन ठिपक्यांची जागा रंग न लावता सोडायची, आधी पांढरी कड, मग आत गडद मरून. रंग झाल्यावर टूथपिकने पाठीवर बारीक टिंबं खरवडली की कवचाचा खरबरीतपणा येतो. हे काम मुलांना इतकं आवडतं की वेळेवर थांबवावं लागतं.

मागची वाळू जलरंगाने. पेस्टलमध्ये मेण-तेल असल्यामुळे पाणी त्याच्यावर थांबत नाही, त्यामुळे कुर्लीच्या वरून बिनधास्त रंगाचा हात फिरवता येतो. फिका तपकिरी रंग ओला चकचकीत असतानाच त्यावर जाडं मीठ भुरभुरा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. मीठ आजूबाजूचा रंग आणि पाणी ओढून घेतं, आणि झटकून टाकल्यावर वाळूसारखी दाणेदार छटा राहते. खाडीचा चिखल हवा असेल तर मीठ नको, करडा आणि तपकिरी ओल्यात ओला सोडा. आणि सावली विसरू नका. पोटाखाली आणि पायांच्या एका बाजूला गडद रंग दिला नाही तर खेकडा वाळूवर उभा राहत नाही, हवेत तरंगतो.

तुमचं तोंड आणि तुमचा हात

मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर तुमचा वेगळा पाठकोरा कागद घ्या, त्यावर एक सांधा काढून दाखवा आणि लगेच उलटा ठेवा. तो समोर राहिला की मूल कुर्लीकडे बघायचं सोडून तुमच्या चित्राकडे बघायला लागतं.

"वा, छान!" म्हणून मोकळं होऊ नका. त्याने मुलाला काहीच कळत नाही. "शेवटच्या पायाचं पातं तुला दिसलं बरं का" हे म्हणा. चुकलं असेल तर चूक म्हणण्यापेक्षा ताटाकडे बोट दाखवा, "चल, पाय मोजू." मोजता मोजता त्याचं त्यालाच कळतं. "मला नाही जमत" म्हणून पेन्सिल टाकणाऱ्या मुलाला अख्खी कुर्ली काढायला लावू नका. त्याला फक्त एक नांगी काढू द्या, पण कागदभर मोठी. त्या मुलांच्या नांग्या बरेचदा वर्गातल्या सर्वांत चांगल्या निघतात. आणि पुसून पुसून कागद फाडणाऱ्याला सरळ पेन द्या. पुसता येत नाही म्हटल्यावर हात आपोआप जपून चालतो.

मोठ्या मुलांसाठी

अकरा-बारा वर्षांच्यांना पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून मापं घ्यायला शिकवा : पाठीची लांबी रुंदीत किती वेळा बसते, नांगी पाठीच्या किती पट. मग तीच कुर्ली उलटी ठेवून पोटाची बाजू काढायला द्या. व्हॅन गॉगने १८८९ साली दोन खेकडे रंगवले, त्यातला एक उताणा आहे. ते चित्र मुलांना जरूर दाखवा, रेघांच्या दिशेने कवचाचा गोलवा कसा आणलाय ते त्यात दिसतं. चिनी चित्रकार छी बाइशी (१८६४–१९५७) यांचे शाईचे खेकडेही दाखवा. त्यांच्या खेकड्याच्या पायाचा एकेक तुकडा म्हणजे कुंचल्याचा एकेक फटकारा. रुंद कुंचला आणि पातळ काळा रंग देऊन मुलांना तसे फटकारे मारू द्या, पेन्सिल अजिबात न वापरता.

दुसऱ्या दिवशी कुर्ली समोर न ठेवता काढायला सांगा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत पुढे स्मरणचित्र करावं लागतं, त्याचा हा उत्तम सराव. पण परीक्षेसाठी म्हणून करू नका, ते आपोआप होतं.

चिंबोरी हाताला बसली की किनाऱ्यावर चला. कोरड्या वाळूत बिळं करून राहणाऱ्या वाळूच्या रंगाच्या खेकड्याची पाठ चौकोनी असते आणि डोळे उंच देठावर, सरळ उभे. चिखलाच्या खाजणात, तिवरांच्या मुळाशी, एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी एवढीशी असलेले छोटे खेकडे दिसतील, ते नर. शंखात राहणारा खेकडा काढायचा तर आधी शंख काढायचा, मग त्याच्या तोंडातून बाहेर आलेले पाय. हे कोणी समोर स्थिर बसत नाहीत. तिथे खोडरबर घरी ठेवायचा, छोटी वही न्यायची आणि एका खेकड्याला तीन-चार रेघांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही हे मुलांना आधीच सांगायचं. जवळ जाऊ नका, बसून राहा. पायांचा आवाज थांबला की थोड्या वेळाने ते बिळातून बाहेर येतात.

चित्र ठेवताना मागच्या बाजूला तारीख आणि कुर्ली कुठली, खाडीची की समुद्रातली, नर की मादी, एवढं मुलाकडून लिहून घ्या. ऑइल पेस्टल कधीच पुरता वाळत नाही, म्हणून वर ट्रेसिंग पेपर लावून मगच फाइलमध्ये घाला.